न ऐकलेली पत्रं

आयुष्यभर मी हिरव्या दिव्यावर रस्ता ओलांडत आलो. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हिरवं आणि एक करडं अशी दोन बटणं आली, तेव्हा मी हिरवं दाबलं. बटणांच्या वर बारीक अक्षरांत काहीतरी विचारलेलं होतं, पण माझा चष्मा बाहेरच्या खोलीत होता आणि चष्म्यासाठी उठायचा मला कंटाळा आला. मशीनने किणकिण असा गोड आवाज केला. मग पडद्यावर चांगली ठसठशीत अक्षरं आली. ती मला चष्म्याशिवायही वाचता आली: 'सर्व प्रलंबित पत्रं रवाना झाली.'

ही पत्रं माझ्या ताईची होती. ताई वकील आहे. तिच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये कित्येक आठवडे साचलेल्या नोटिसा, उत्तरं, अशिलांना लिहिलेले खुलासे, सगळं मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'नुसतं कसं दिसतं ते बघू' म्हणून घातलं होतं. त्या ढिगात एक पत्र वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वकील मंडळींना होतं. त्यांनी दिलेल्या प्रस्तावाला ताईने त्यात होकार दिला होता, म्हणजे आपलं ऑफिस बंद करून ती त्यांच्याकडे जाणार. ते पत्र जाऊ नये, ट्रेमध्येच पडून पिवळं व्हावं, एवढ्यासाठी तर मी हा सॉफ्टवेअरचा घाट घातला होता. म्हटलं, बाईला एकटीने ऑफिस चालवायला सोपं झालं तर ती राहील. आणि ते पत्र माझ्याच बोटाने गेलं.

माझी पाचावर धारण बसली. ताई कोर्टातून ऑफिसात आली, पायातल्या चपला दाराशी काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली. मी उभा राहून सगळं सांगितलं. शाळेत मी मुलांना असं उभं करत असे, म्हणून कसं उभं राहायचं ते मला माहीत होतं.

"सगळी?" ताई म्हणाली.

"सगळी."

"बरं," असं म्हणून ती खुर्चीत बसली आणि पाणी प्यायली.

त्या 'बरं'ने मला जेवढी भीती वाटली, तेवढी हिरव्या बटणाने वाटली नव्हती. माझी ताई म्हणजे लहानपणी माझ्या हातून दौत सांडली तर तिचा आवाज तिसऱ्या घरातल्या मांजराला ऐकू जायचा. वकील झाल्यावर तर तिला त्याबद्दल लोक मानधन द्यायला लागले. आणि आता मी तिचं अख्खं ऑफिस एका बोटाने उलटंपालटं केलं होतं, आणि ती ग्लास विसळून पालथा घालत होती.

हे असं छोट्या बाई गेल्यापासून चाललं होतं.

छोट्या बाई म्हणजे ताईच्या भागीदार. दोघींचं मिळून ऑफिस. अशील मंडळी ताईला मोठ्या बाई म्हणत आणि त्यांना छोट्या बाई. वास्तविक छोट्या बाई ताईपेक्षा वीतभर उंच आणि वयाने काही महिन्यांनी मोठ्या, पण त्या हळू बोलायच्या. हळू बोलणाऱ्या माणसाला लोक छोटं समजतात. ताईने त्यावर कधी आक्षेप घेतला नाही.

दोघींनी ऑफिस थाटलं तेव्हा पहिल्याच महिन्यात एक घोटाळा केला. एका घरमालकाला त्याचा भाडेकरू बाहेर काढायचा होता. दोघींनी कडक नोटीस लिहिली आणि गडबडीत ती घरमालकाच्याच पत्त्यावर पाठवली. गृहस्थ भित्रा होता. त्याने नोटीस वाचली आणि स्वतःच्या घरातलं सामान बांधायला घेतलं. बायकोने विचारलं, कुठे निघालात? तेव्हा तो म्हणाला, वकिलांनी सांगितलंय.

त्या दिवसापासून त्या ऑफिसचा एक नियम झाला. जिने पत्र लिहिलं तिने ते दुसरीला मोठ्याने वाचून दाखवायचं, पत्त्यासकट. दुसरीने डोळे मिटून ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. शेवटी दोनच शब्दांपैकी एक म्हणायचा: 'पाठव' नाहीतर 'ठेव'. न ऐकलेलं पत्र उंबऱ्याबाहेर जात नसे. दोन ओळींचं असलं तरी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा मी स्वतः वाचली जाताना ऐकली आहे, आणि छोट्या बाईंनी त्यावर 'ठेव' म्हटल्याचंही.

'ठेव' बहुतेक वेळा ताईच्या वाट्याला यायचं. ताई पत्र लिहिते ते तोंडात मारल्यासारखं. खरं लिहिते, पण असं की समोरच्याने दार लावून घ्यावं. छोट्या बाई 'ठेव' म्हणायच्या, मग ते पत्र रात्रभर राहायचं, आणि सकाळी ताई स्वतःच त्यातला दगड काढून टाकायची. दगड कुठे आहे हे छोट्या बाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटलेले असताना कपाळावर जिथे आठी पडायची, तिथे तो असायचा.

मग छोट्या बाईंना ताप आला, आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एका केसची तारीख होती. ताई कोर्टात गेली, उभी राहिली, बोलली, ऑफिसात आली. पुढेही रोज येत राहिली. रडली नाही. कुणी दोन शब्द सांत्वनाचे बोलायला आलं तर 'हो' म्हणायची आणि त्यांच्यासाठी पंखा लावायची. जेवायची, पण पुढ्यात वाढलेलं काय आहे ते विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. माझी बायको म्हणाली, "ताईंना हलवून बघा हो जरा." मी सगळे विनोद केले. जे विनोद ऐकून वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा हसत, ते सगळे. ताई म्हणाली, "छान."

ती पत्रं लिहीत होती. दोन बोटांनी टाइप करायची, छापायची, कागद हातात घ्यायची, घसा खाकरायची. मग समोरच्या खुर्चीकडे बघायची आणि कागद ट्रेमध्ये टाकायची. मी हे एकदा काचेतून पाहिलं, आणि दार न वाजवता जिन्यात जाऊन उभा राहिलो. ट्रे भरला. अशील फोन करून विचारायचे, 'बाई, आमची नोटीस गेली का?' ताई सांगायची, 'तयार आहे.' ते खरंच होतं.

तेव्हा मला सॉफ्टवेअरची कल्पना सुचली. आमच्या घरात कॉम्प्युटरमधला जाणकार मी. ही पदवी मला मेव्हण्यांचा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्याबद्दल मिळाली आहे. मी जाहिराती वाचल्या. 'छोट्या वकिली कार्यालयासाठी सर्वकाही एका ठिकाणी. तारखा, कागदपत्रं, अशील, पत्रव्यवहार.' एक सॉफ्टवेअर फुकट वापरून बघा म्हणत होतं. मी वापरून बघितलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पत्रांची उत्तरं दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. ती सगळी पत्रं कच्ची होती, एकही दगड न काढलेली. एका घरमालकाला ताईने लिहिलं होतं, 'नळ आपोआप बंद होत नाही, तुम्ही बंद केलात.' त्याने पाणी सोडलं आणि वर ताईला 'तुम्ही तुसड्या आहात' असं कळवलं. एका लिफ्ट कंपनीला लिहिलं होतं, 'लिफ्ट चालू आहे असं तुम्ही म्हणता, तर येऊन सातव्या मजल्यावर जाऊन दाखवा.' त्यांचा माणूस खरंच आला. तो पायऱ्यांनी वर गेल्याचं कळलं.

पण सगळं काही असं मजेत गेलं नाही. एक बेकरीवाला अशील स्वतः आला. त्याला त्याच्या मेहुण्यावर दावा लावायचा होता, आणि ताईने त्याला लिहिलं होतं, 'तुमची बाजू लंगडी आहे. मेहुणा म्हणतो ते खरं आहे.' तो टोपी हातात घेऊन ताईच्या टेबलाशी बाकावर बसला. टोपीवर पीठ होतं.

"बाई, असं लिहितात का कुणी?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण बायकोने वाचलं ना ते. तिचा भाऊ आहे तो. कालपासून घरात विजयोत्सव चाललाय."

"मग दावा लावू नका."

"नाही लावत." तो थोडा वेळ टोपी झटकत बसला. "छोट्या बाईंनीपण हेच सांगितलं असतं. पण मला ते घरी पोचल्यावर कळलं असतं." मग त्याने छोट्या बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही कोण?"

"मी भाऊ."

"आता त्या जागी तुम्ही का?"

"छे छे. मी नुसता बटणं दाबतो."

"हं," बेकरीवाला म्हणाला. त्या 'हं'वरून हे प्रकरण त्याला समजलं असावं.

तो गेल्यावर ताई म्हणाली, "त्याला वाईट वाटलं का रे?"

"वाटलं."

"मला कळलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती. बाहेर ढग आहेत का, असं विचारावं तशा आवाजात म्हणाली.

त्या संध्याकाळी वरचे वकील खाली आले. माणूस चांगला आहे, हे मला कबूल करावंच लागेल. मला तो वाईट असता तर सोयीचं झालं असतं. जिन्यात भेटला तर स्वतः बाजूला होऊन दुसऱ्याला वाट देतो, आणि छोट्या बाई आजारी असताना त्याच्या गाडीतूनच त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तो हसत आला, हातात बिस्किटांचा डबा.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. इतकं आटोपशीर पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. 'प्रस्ताव मान्य आहे. टेबल खिडकीपाशी नको.' टेबल आम्ही आतल्या बाजूला लावून ठेवलंय. महिनाअखेरीला या. तुमची सगळी कामं आमची मुलं सांभाळतील, तुम्ही फक्त सल्ला द्यायचा."

मी ताईकडे बघितलं. ताई डब्याकडे बघत होती.

"ते पत्र अजून ऐकलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ऐकवायचं राहिलंय. तोवर तो मसुदा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने हिरव्या बटणाची हकिकत सांगितली. तो मोठ्याने हसला, मग ताईचा चेहरा बघून थांबला. "मॅडम, काही घाई नाही," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत ऐकवा. हो म्हणाल तर टेबल आहेच. नाही म्हणाल तर बिस्किटं ठेवून घ्या."

तो गेल्यावर मी विचारलं, "तुला जायचंय का वर?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? पत्र तूच लिहिलंस."

"लिहिलं तर कळत नाही मास्तर, ऐकवलं की कळतं." ती मला मास्तर म्हणते, चाळीस वर्षं भूगोल शिकवल्याबद्दल. पूर्वी त्यात थोडी टिंगल असे. आता नुसता शब्द होता.

शुक्रवारच्या आत मी आणखी दोन सॉफ्टवेअरवाल्यांना गाठलं. म्हटलं, निदान हातपाय तरी हलवू. पहिलं म्हणजे एक अजस्र प्रकरण होतं. पडद्यावरून ते दाखवणाऱ्या बाईंनी रंगीत तक्ते दाखवले, गोल फिरणारे आकडे दाखवले, आणि विचारलं, "आपल्या शाखा किती?"

"कपाट धरलं तर दोन," ताई म्हणाली. मी हसलो. ताई हसली नाही. तिने खरोखर मोजलं होतं.

"आणि यात एक खास सोय आहे," बाई म्हणाल्या. "मशीन तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवतं."

ताई खुर्चीत पुढे सरकली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. माझा जीव भांड्यात पडला. मी ते वरच्या मजल्याचं पत्र मशीनला दिलं. मशीन वाचायला लागलं. गाडी सुटण्याची सूचना वाचावी तसं, सगळ्या शब्दांवर सारखा जोर देऊन, 'मान्य' आणि 'खिडकी' एकाच मापाने. ताईने डोळे मिटून ऐकलं. संपलं तेव्हा डोळे उघडले.

"याला काही वाटत नाही," ती म्हणाली.

"अगं, मशीनला काय वाटणार?"

"मलाही वाटलं नाही. सारखेच आम्ही." मग पडद्यावरच्या बाईंना म्हणाली, "नको. तुमचं चांगलं आहे, पण नको." एवढ्या सौम्यपणे तिने कुणालाच नकार दिला नसेल.

दुसरं सॉफ्टवेअर अगदी साधं होतं. करड्या रंगाचं, एकही तक्ता नाही, सरकारी कचेरीच्या भिंतीसारखं. ते दाखवणारे गृहस्थही तसेच, आवाजात चढउतार नसलेले. आम्हा तिघांपैकी कुणालाच त्या सॉफ्टवेअरबद्दल उत्साह नव्हता. ते म्हणाले, "यात एक अडचण आहे, आधीच सांगतो. पत्र लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा लागतो. एकच माणूस दोन्ही करू शकत नाही. लोक तक्रार करतात. तुम्ही एकट्याच असाल तर ती अट मी बंद करून देतो."

"बंद नको," ताई म्हणाली.

"मग दुसरा माणूस लागेल."

"हो."

"आहे का?"

ताईने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. त्या गृहस्थांनी वाट बघितली. त्यांना वाट बघायची सवय असावी. शेवटी ताई म्हणाली, "शुक्रवारी सांगते."

शुक्रवारी मी दुपारचं जेवून गेलो. ऑफिसात शिरलो तर ताई उभी होती, हातात कागद. तिने मला तिच्या समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. छोट्या बाईंच्या खुर्चीकडे. त्या खुर्चीत त्या गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं, आणि मला त्यात बसणं कसंसंच वाटलं. खुर्ची उंच माणसासाठी वर केलेली होती. माझे पाय जेमतेम टेकत होते.

"डोळे मिट," ताई म्हणाली.

मी मिटले. ताईने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. आधी वरच्या मजल्याचा पत्ता, मग तारीख, मग ते दोन वाक्यांचं पत्र. तिचा आवाज सपाट होता, जवळजवळ त्या मशीनसारखाच. 'प्रस्ताव मान्य आहे' इथे ती थांबली. थांबली म्हणजे वाक्य संपलं म्हणून नाही. नुसती थांबली. मी डोळे उघडणार होतो, पण मला उघडायचे नाहीत हे ठाऊक होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. मग ताईने पुढचं वाक्य वाचलं, टेबल खिडकीपाशी नको, आणि खाली स्वतःचं नाव.

मला वकिली कळत नाही. पत्रात कायद्याचं काही चुकलं आहे का, हे मी सांगू शकलो नसतो. मला बोलायचं खूप काही होतं. पण नियम दोनच शब्दांचा होता.

"ठेव," मी म्हणालो.

मी डोळे उघडले तेव्हा ताईने कागद ट्रेमध्ये ठेवला होता आणि दुसरा उचलला होता. बेकरीवाल्याला लिहिलेलं नवं पत्र होतं, त्याच्या बायकोला वाचता येईल असं.

"हेही?"

"हेही. डोळे मिट."

ते लांबलचक होतं. जेवण झालेलं, पंखा लागलेला, खुर्ची आरामशीर. मध्येच माझी मान लवंडली. ताईने कागदाने टेबलावर फटकारा मारला. त्या फटकाऱ्यात जुनी ताई होती, पण थोडीच. मी खडबडून म्हणालो, "पाठव."

"तू ऐकलंस?"

"मेहुण्यापर्यंत ऐकलं."

"मग पुन्हा," असं म्हणून तिने पहिल्यापासून वाचलं. मी हाताला चिमटा काढून ऐकलं. त्यात एके ठिकाणी मला काहीतरी खुपलं, पण काय ते कळलं नाही. ताई वाचता वाचता माझ्या कपाळाकडे बघत असावी. तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढल्याचा आवाज आला.

मग आम्ही ते करडं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने दुसऱ्या माणसाचं नाव विचारलं. मी माझं घातलं. मग पद विचारलं. यादीत भागीदार, सहायक, हिशेबनीस, इतर असे शब्द होते. मी बराच वेळ विचार करून 'इतर' निवडलं. खाली दोन बटणं आली, एक हिरवं, एक करडं. यावेळी मी उठून बाहेरच्या खोलीतून चष्मा आणला.

वर जाऊन टेबल नको म्हणून सांगायचं काम ताईने माझ्याकडे दिलं. बिस्किटं तिने ठेवून घेतली. निघताना मी दाराशी थांबलो. म्हणजे आता रोज दुपारी मी त्या उंच खुर्चीत बसायचं, हे ठरलंच होतं, कुणी न ठरवता. ताई पुढचा कागद छापत होती. तिच्या चेहऱ्यावर आठवड्यापूर्वी होतं तेच होतं, म्हणजे काही नव्हतं. मला राहवलं नाही.

"ताई, मी ऐकतो ते छोट्या बाईंसारखं जमतंय का गं?"

"नाही, पण तू जिवंत आहेस."